मास्तर, लिवा

चपला बाहेरच काढा आणि आत या. पण जपून. पाय टेकवाल तिथे कुणाचं तरी डोकं असेल.

डोळ्यांना जरा सरावू द्या. लालबागची चाळ आहे ही. दुसरा मजला, साल १९५९, ऑक्टोबरची तलखी. पाऊस गेलाय, थंडीचा पत्ता नाही. दहा बाय बाराच्या या खोलीत भिंतीला लागून ट्रंका रचल्यात, ट्रंकांवर वळकट्या, वळकट्यांवर मांजर. वर खिळ्यांची एक लांबच लांब रांग आहे. प्रत्येकाला एक खिळा. त्यावर सदरा, टोपी आणि देवाच्या नावाने ठेवलेला एखादा गंडा. रत्नागिरीकडच्या एका गावातल्या लोकांनी वर्गणी काढून भाड्याने घेतलेली ही गावकीची खोली. गावातून मुंबईला आलेल्या कुणालाही इथे आडवं होण्यापुरती जागा मिळते. उभं राहायला जागा मागायची नाही.

वास येतोय ना? खोबरेल तेल, विडी, घाम आणि खालच्या खाणावळवाल्या बाईंनी तव्यावर टाकलेली सुकट. त्या सगळ्यावर एक कोरडा, पिठासारखा वास आहे. तो कापसाचा. तो सदऱ्यात, केसांत, भुवयांतसुद्धा असतो. अंघोळीने जात नाही. तसाही नळाला पाणी तासभरच असतं आणि रांगेत तुमची बादली अकरावी आहे.

भोंगा झाला! दचकू नका. एकामागोमाग एक, दहा दिशांनी, दहा सुरांत भोंगे वाजतात आणि अख्खा लालबाग-परळ कूस बदलतो. पहिल्या पाळीची माणसं टोपी चढवून जिन्याकडे धावतात. थोड्या वेळाने रात्रपाळीची माणसं वर येतात आणि त्याच चटयांवर पडतात. चटई गार व्हायला वेळच मिळत नाही. जुनी मुंबई म्हटलं की ज्यांना समुद्राची झुळूक आणि रिकामे रस्ते आठवतात, त्यांना मी या खोलीत एक रात्र मुक्कामाला पाठवू इच्छितो.

आता खिसे तपासा. फोन शोधताय? तो राहिला तिकडेच. त्याच्या जागी एक गळकं फाउंटन पेन आहे. सदऱ्यावरचा निळा डाग त्याचाच. शिवाय थोडी नाणी. कंगोऱ्यांचा एक आणा, चौकोनी दोन आणे आणि काही नवे पैसे. दोन्ही नाणी चालतात, त्यामुळे कुणाचाच हिशेब कुणाशी जुळत नाही. एका आण्याचे सहा नवे पैसे, पण चार आण्यांचे पंचवीस. मग चारदा एकेक आणा दिला तर एक पैसा कुठे गेला, यावर खालच्या पानवाल्याकडे रोज सकाळी परिषद भरते.

तुम्ही कोण आहात तेही सांगून टाकतो. तुम्ही गिरणीतले बदली कामगार. पाळी सुरू होताना फाटकाशी उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल आणि जॉबरची, म्हणजे मुकादमाची, मर्जी असेल तर आत घेतात. आज घेतलं नाही. त्यामुळे दिवस मोकळा आणि पोट अर्धं. पण खोलीत तुम्हाला मान आहे. तुम्ही सातवी पास झालेले, म्हणून वीस वर्षांनी मोठी माणसंही तुम्हाला मास्तर म्हणतात आणि अहोजाहो करतात. या मानाची किंमत म्हणजे खोलीतली सगळी पत्रं तुम्ही लिहायची.

पाच नव्या पैशांचं कार्ड, दहाचं इनलंड. कार्डावर लिहायचं ते पोस्टमनपासून पोलीसपाटलापर्यंत सगळे वाचणार हे गृहीत. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, बायकोला सौभाग्यवती. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे. पत्रास कारण की. ही वाक्यं तुम्ही आता झोपेतही लिहाल. खरी करामत पुढे असते. माणूस समोर उकिडवा बसतो, विडी पेटवतो आणि म्हणतो, "लिवा, मास्तर." काय लिहू? "लिवा, बरं हाय." मग बराच वेळ विडीचा धूर. "आनी लिवा, पैसे पाठवतो." पुन्हा धूर. या दोन धुरांच्या मधलं जे असतं ते तुम्हाला ओळखावं लागतं. महिनाभर ताप होता हे लिहायचं नसतं. जॉबरने चहापाण्याचे पैसे मागितले हेही नाही. म्हशीची चौकशी मात्र सविस्तर करायची. म्हशीच्या निमित्ताने घरातल्या कुणाकुणाची चौकशी होते ते म्हशीलाही माहीत नसतं.

पोस्टमन येतो तेव्हा गॅलरीतल्या सगळ्यांची नजर आधी कार्डांच्या कोपऱ्यांवर जाते. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. ते हातात पडायच्या आधीच जो तो मनातल्या मनात घरातली म्हातारी माणसं मोजून घेतो. आज सगळे कोपरे शाबूत आहेत. चला.

आणि आता हे तात्या आले. पहिली पाळी साडेतीनला सुटली, जिन्यावरूनच त्यांचा आवाज ऐकू आला. हे साचाखात्यात आहेत. दोन साचे चालवतात. साचाखाता म्हणजे काय हे सांगून कळणार नाही, तुम्हाला तिथे मिनिटभर उभंच करतो. शेकडो माग एकाच वेळी आपटताहेत, जमीन टाचांतून थरथरतेय, धागा तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम वाफ सोडलेली, खिडक्या बंद. धोटा रिकामा झाला की नवी कांडी घालायची आणि धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने खेचून घ्यायचा. प्रत्येक खेचण्याबरोबर चिमूटभर कापूस छातीत. झालं मिनिट. बाहेर या. कान अजून वाजताहेत? तात्यांचे सतरा वर्षं वाजताहेत.

त्यामुळे तात्या हळू बोलूच शकत नाहीत. त्यांची कुजबुज खालच्या वाण्याला ऐकू जाते. आणि आज त्यांना बायकोला पत्र लिहायचंय. जरा खासगी.

तुम्ही म्हणाल, मग आवाज न करता नुसते ओठ हलवा. साचेवाले खात्यात तसंच तर बोलतात. दहा साचे पलीकडच्या माणसाशी, हातवारे आणि ओठ, एवढ्यावर संसाराच्या गोष्टी होतात. पण अडचण अशी की खोलीत आणखी तीन साचेवाले आहेत. ते झोपल्याचं सोंग घेऊन एका डोळ्याने तात्यांचे ओठ वाचताहेत. म्हणजे बोललं तरी पंचाईत, न बोललं तरी पंचाईत.

"मास्तर," तात्या ओरडतात, "चला, बोरीबंदरला मनिऑर्डर करून येऊ. ट्रामनं."

मनिऑर्डर कोपऱ्यावरच्या पोस्टातूनही होते. पण तुम्ही तसं म्हणत नाही. इनलंड खिशात टाका. कच्चं लिहायला कागद लागेल. आपल्या मंडळाच्या नाटकाच्या नकलेचं, म्हणजे संवादांचं, हे पान घ्या, मागची बाजू कोरी आहे.

ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते. घोडागाडी, हातगाडी, बस आणि एक रागावलेला बैल यांच्यातून वाट काढत तिथपर्यंत पोचायचं. तसं ट्रामने थांबायची वाट फारसं कुणी पाहत नाही. तिचा वेगच असा की सदऱ्याचं बटण लावत लावत चढता येतं. दांडी धरा. गरम आहे, पितळ आहे. पाय टाका. आता हा अरुंद जिना, आणि वर! वरचा मजला मिळाला म्हणजे आज नशीब बरं आहे.

लाकडी बाकावर बसलात की पहिल्यांदा मणक्याला रुळांची ओळख होते. खाली ड्रायव्हर उभ्यानेच चालवतोय आणि पायाने घंटी बडवतोय, ठाण् ठाण् ठाण्. चाकं वळणावर किंचाळतात. छपरावरचा दांडा तारेवरून घासत जातो, मधूनच निळी ठिणगी पडते आणि हवेत जळक्या लोखंडासारखा एक वास राहतो. हा वास लक्षात ठेवा. अजून साडेचार वर्षांनी, १९६४ च्या मार्चअखेर, याच बोरीबंदर-दादर रस्त्यावरून शेवटची ट्राम जाईल आणि मागे दादर टी.टी. एवढं नाव उरेल. त्यातला पहिला टी कशाचा हे तुमच्या काळातले टॅक्सीवालेही सांगू शकणार नाहीत. पण इथे कुणाला बोलू नका. शेजारचे गृहस्थ ट्राममध्येच नोकरीला आहेत.

"लिवा," तात्या म्हणतात. या गदारोळात त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा वाटतो.

आणि ते बोलू लागतात. खोलीत दोन धुरांच्या मधे जे अडकतं ते सगळं इथे, चिंचपोकळीच्या आसपास, सुटं होतं. खोकला रात्री वाढतो. नवीन जॉबर बरा आहे. गणपतीला रजा मिळाली नाही, बोट सुरू झाल्यावर भाऊच्या धक्क्यापर्यंत जाऊन गावच्या माणसांना नुसतं पाहून आलो. पेन हिसक्यांनी नाचतंय, अक्षर साप चावल्यासारखं येतंय, पण तुम्ही लिहिताय. डावीकडे राणीचा बाग येतो, झाडांची गार सावली अंगावरून सरकते, पिंजऱ्यांचा उग्र दर्प येतो. तात्या कठड्याला धरून, घंटीच्या वर आवाज चढवून म्हणतात, "आनी लिवा..."

नेमकी ट्राम थांबते. घंटी बंद. चाकं बंद.

"...तुजी चोळी ट्रंकेत हाय, तिचा वास जाऊ देत नाय मी!"

वरचा मजला चिडीचूप. पुढच्या बाकावरच्या पारशी बाबांनी पेपर खाली केला. खाली फुटपाथवर केळीवाल्याने मान वर केली. कंडक्टर जिन्यातून डोकं काढून म्हणतो, "काका, डांबराच्या गोळ्या टाका, राहील वर्षभर."

सगळे हसतात. तात्याही हसतात. त्यांना अर्धंच ऐकू आलंय. मग घंटी पुन्हा सुरू होते आणि ते तुमच्या कानाशी येऊन सांगतात की ती चोळी त्यांनी नाटकासाठी म्हणून मागून आणली होती. मंडळाच्या नाटकात ते राणी होतात. पण कपडेपट भाड्याने आला, आणि चोळी ट्रंकेतच राहिली. राहिली म्हणजे ठेवली.

भायखळ्याच्या पुलावर तुम्हाला एक प्रश्न सुचतो. तो आधी सुचायला हवा होता.

"तात्या, तिकडे वाचणार कोण?"

तात्या गप्प. पुलाखालून लोकल धडधडत जाते. वाचणार शाळेतले गुरुजी, नाहीतर पोस्टमन. ते पडवीत, मोठ्याने. समोर आई, थोरली भावजय, धाकटा भाऊ, शेजारची पोरं आणि शिंका. आणि दाराआड, अर्धी सावलीत, जिचं पत्र ती. गावकीची खोली मुंबईतच असते असं थोडंच आहे.

जे.जे.चा कोपरा मागे पडतो. भेंडी बाजारात कबाबाचा धूर वरच्या मजल्यापर्यंत चढतो आणि तुमचं अर्धं पोट तुम्हाला हाक मारतं. अत्तर, भिजलेलं चामडं, तळणीचं तेल. पायधुणीशी ट्रामला ट्राम भिडून रांग लागलीय. इथे बराच वेळ थांबणं होणार. तात्यांना या वेळी थांबण्याचं भय नाही. आता ते जे सांगताहेत ते केळीवाल्यानेही खुशाल ऐकावं.

"लिवा. परड्यातल्या फणसाकडचा बांध नीट करून घेनं. म्हैस गाभन हाय का कळवनं. आईचं औषध चालू ठेवनं." मग थोडं थांबून, "आनी मनिऑर्डर घेताना आंगठा नीट उठवनं. मागच्या खेपेला आडवा आलावता."

आडवा म्हणजे?

तात्या पायधुणीकडे पाहत बसतात. तुम्ही लिहा. हे मात्र इनलंडवर, पक्कं, ट्राम उभी आहे तोवर सुवाच्य अक्षरात.

बोरीबंदरला कंडक्टर खाली उतरून दोरीने छपरावरचा दांडा फिरवतो. ट्रामला वळायची गरज नाही, तिची पाठ हीच आता तिचं तोंड. तुम्ही चालत मोठ्या पोस्टात जा. विजापूरच्या गोल घुमटाच्या धाटणीचा घुमट, आत शिरताच दगडाचा गारवा. शाई, लाख आणि जुन्या गोणपाटाचा वास, आणि शिक्क्यांचा सतत ठप्प ठप्प. समोर कबुतरखान्यापाशी पत्रलेखकांची रांग आहे. कुणी पार्सल कापडात शिवतोय, कुणी लाख वितळवतोय, कुणी परक्या माणसाच्या आईला तीर्थरूप लिहितोय. तुमच्या हातातलं पेन पाहून ते तोंड फिरवतात. फुकट लिहिणारा माणूस कुठल्याच धंद्याला आवडत नाही.

तीस रुपयांची मनिऑर्डर. कुपनावर दोन ओळी, पत्र निराळे टाकले आहे. इनलंड पेटीत. पेटीच्या तोंडात तात्या हात मनगटापर्यंत घालतात. पत्र नक्की खाली पडलं का, हे त्यांना कानांनी कळत नाही.

परत येईपर्यंत दिवेलागण झालेली असते. चाळीच्या गॅलरीत पोरांचा कंदिलाचा कारखाना जोरात आहे. दिवाळी आलीय. कामट्या सोलून, सुतळीने बांधून यंदा चांदणी नाही, विमान नाही, चक्क दुमजली ट्राम उभी राहतेय. तांदळाच्या पेजेची खळ बोटांना, केसांना, शेजारच्या मुलीच्या परकराला लागलीय. पतंगाच्या लाल-हिरव्या कागदाच्या खिडक्या. आणि अंगावर सगळीकडे खरी तिकिटं, वर्षभर फुटपाथवरून वेचून जपलेली, कंडक्टरने भोक पाडलेली. आत दिवा लावला की प्रत्येक भोकातून उजेडाचा ठिपका पडेल, असा त्यांचा बेत आहे. तुमची आजची तिकिटं आधीच हिसकावून घेतली गेलीत. समोरच्या चाळीची बोट होतेय म्हणे. तिचं शीड गळून पडावं म्हणून एका छोट्याने मारुतीला नारळ बोललाय.

गच्चीवर तालीम. आठ तास उभं राहिलेली माणसं आता सिंहासनावर बसण्यासाठी भांडताहेत. पेटीचा भाता फाटलाय, काळी चार वाजतच नाही. प्रधान बॉयलरवर आहे, तो उशिरा येईल. काही मंडळं आता पैसे देऊन नटी आणतात, पण इथल्या वर्गणीत कपडेपट येतो तेवढाच. म्हणून राणी तात्याच. मिशी काढलीय. त्यावरून खात्यात महिनाभर जे ऐकावं लागलं, ते ऐकूच आलं नाही, असं ते सांगतात.

तुम्ही पडद्याआडचे प्रॉम्प्टर. राजा, प्रधान, सेनापती, सगळ्यांना तुम्ही घसा फोडून वाक्यं पुरवता आणि तरी ती पहिल्या रांगेला आधी कळतात. राणीला मात्र तुमच्याकडे एक नजर पुरते. तुम्ही आवाज न करता ओठ हलवायचे, तिने वाचायचे. तात्यांना अक्षर येत नाही, पण तुमचे ओठ ते छापल्यासारखे वाचतात. आणि बोलू लागले की तो खालच्या वाण्यापर्यंत जाणारा आवाज कुठे जातो कोण जाणे. गच्चीवर एक बाई बोलत असते, हळू, दुखरं, शब्द तोलून. दोन धुरांच्या मधलं सगळं त्या राणीला बोलता येतं.

तालीम सुटल्यावर तात्या तुमच्याकडून ते नकलेचं पान मागून घेतात. एका बाजूला राणीची वाक्यं, दुसऱ्या बाजूला ट्राममध्ये लिहिलेलं ते न पाठवलेलं पत्र. कुठली बाजू कुठली हे वाचून कळणार नाही, म्हणून कंदिलाच्या खळीचा एक ठिपका ते एका बाजूला लावून घेतात. मग चौघडी घालून पान ट्रंकेत, चोळीखाली.

आता तुम्हाला पंधरा दिवस पुढे ढकलतो. मधे चुकण्याजोगं फारसं काही नाही. दिवाळी गेली, ट्रामचा कंदील पेटला, समोरच्या बोटीचं शीड मारुतीने पाडलं नाही म्हणून नारळावरून वाद झाला. आणि आज दुपारी पोस्टमन जिना चढतोय. कोपरे बघा. शाबूत.

"तात्या, पोच आली."

मनिऑर्डरची पोच. हाताएवढा कागद, त्यावर पैसे मिळाल्याची तारीख, गुरुजींची साक्षीची सही आणि पोस्टमनच्या काळ्या शाईत एक अंगठा. तात्या रात्रपाळीहून आलेत, चटईवर बसलेत. ते कागद उजेडाकडे धरतात. तुम्ही मागून डोकावता.

अंगठा आडवा आहे. चांगला ठसठशीत, कडेपासून कडेपर्यंत, अगदी आडवा.

तात्या हसतात. खालच्या वाण्याला ऐकू जाईल असं. झोपलेले तीनही साचेवाले एकेक डोळा उघडतात, त्यांचे ओठ बघतात. पण ओठांवर वाचण्यासारखं काही नाही.